‘दृष्टांत’ की ‘इशारा’? तेच तेच पडणाऱ्या स्वप्नाला काय म्हणावे

सुरंगी (मालवण)

झोपेच्या तक्रारींवरची एक माहितीपत्रिका मी सध्या एका डॉक्टरांसाठी मराठीत आणत आहे. तीत असे वाक्य आहे की, एकच स्वप्न वारंवार पडत असेल तर ती पुढे घडणाऱ्या गोष्टीची पूर्वसूचना नसून बहुधा मनावरच्या ताणाची खूण असते. पूर्वसूचना देणाऱ्या स्वप्नासाठी मी ‘दृष्टांत’ हा शब्द योजला आणि खर्डा आईला वाचून दाखवला, तर ती दुखावून म्हणाली की, दृष्टांत देव देतो, त्याला ताण म्हणणारी तू कोण.

ही अडचण माझ्या घरातलीही आहे, म्हणून शब्द नेमका हवा आहे. माझे वडील अनेक वर्षे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, होते. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना एकच स्वप्न पडते: खाडीच्या तोंडावर नांगर सुटतो आणि होडी खडकाकडे सरकू लागते. ते दचकून उठतात तेव्हा चादरीचा काठ त्यांच्या मुठींत दोरासारखा पिळलेला असतो आणि आई एकेक बोट उकलून तो सोडवते. आई याला राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दृष्टांत म्हणते, कारण यंदा नारळ द्यायचा राहिला. थोरला भाऊ इशारा म्हणतो आणि धाकट्याला समुद्रावर पाठवू नका असा आग्रह धरतो. वडील स्वतः नुसते ‘सपान’ म्हणतात. शब्द तीन आणि प्रत्येकामागे उपाय वेगळा, तेव्हा पत्रिकेत मी कोणता घालू?

जुना फळा (रत्नागिरी)

ताई, ‘दृष्टांत’ हा शब्द येथे वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. न्यायदर्शनाने जे सोळा पदार्थ मोजले आहेत त्यांत दृष्टान्त हा एक आहे आणि त्याचा अर्थ उदाहरण, म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही मान्य असलेली गोष्ट. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत आहेत, ते सारे उपदेशासाठी सांगितलेल्या छोट्या कथा आहेत आणि झोपेशी त्यांचा संबंध नाही. देव स्वप्नात दिसला म्हणून ‘दृष्ट’ शब्दाच्या आधाराने लोकांनी हा दुसरा अर्थ जोडला असावा. पत्रिकेत ‘स्वप्नसूचना’ असा सरळ शब्द घ्यावा. ‘इशारा’ अरबीतून आलेला आहे आणि मुळात तो हाताने किंवा डोळ्याने केलेल्या खुणेचा शब्द आहे, म्हणून तोही टाळता आल्यास बरे.

रातांबा (कुडाळ)

गुरुजी, आदर ठेवूनच सांगतो की, हे मला मान्य नाही. कोकणातल्या कितीतरी देवळांची कथा ‘अमक्याला दृष्टांत झाला’ येथूनच सुरू होते आणि ती सांगणाऱ्या माणसाला न्यायदर्शनाची गरज कधीच भासलेली नाही. माझी आजी ‘देवान दृष्टांत दिल्यान’ आणि ‘आजो सपनात इलो’ ही दोन वाक्ये कधीही एकमेकांच्या जागी वापरीत नसे. आजोबा सपनात आले म्हणजे म्हाळ करायचा राहिला असेल, तो करून टाकायचा. दृष्टांत झाला म्हणजे मात्र देवाकडे जाऊन कौल लावायचा, मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते पाहायचे. आपल्या माणसांनी नुसत्या स्वप्नावर भरवसा ठेवला नाही, जागेपणी त्याची खातरजमा केली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सुरंगीताईंच्या आईंनी कौल घेतला आहे का? तो घेतलेला नसेल तर आमच्याकडच्या रीतीने तो अजून दृष्टांत ठरलेलाच नाही.

शिवाय क्रियापदे पाहा. स्वप्न ‘पडते’, जसा पाऊस पडतो, विसर पडतो, प्रश्न पडतो, आणि त्यात कोणाचा हेतू नसतो. दृष्टांत ‘देतात’, म्हणजे देणारा कोणीतरी गृहीत असतो. ‘स्वप्नसूचना’ या शब्दातही सूचना देणारा मागच्या दाराने आत येतोच.

जुना फळा

तुकोबांनीही ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें’ असेच म्हटले आहे. सोबत प्रत्यक्ष पांडुरंग आहे, कवित्व करण्याची आज्ञा आहे, तरी त्या ओळीत शब्द स्वप्नाचाच आला आहे. कौलाचा आपला मुद्दा मात्र मोलाचा आहे आणि त्याचा मी विचार करीन.

खाडीकाठ (देवगड)

‘इशारा’ला परका म्हणून बाहेर काढण्याआधी बंदरावरचा शब्द विचारात घ्यावा, अशी विनंती आहे. आम्ही वादळाच्या इशाऱ्याला ‘बावटा’ म्हणतो. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे कानावर आले की होड्या वर ओढल्या जातात. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आले तेव्हा कितीतरी होड्या बाहेरच होत्या आणि त्या दिवसांत किनाऱ्यावर माणसे काय अवस्थेत उभी होती ते मी पाहिले आहे. बावट्याला नंबर असतो, तो लावणारा माणूस असतो आणि वादळ ओसरल्यावर तो उतरवतात. स्वप्नातला बावटा उतरवायचा कोणी? सुरंगीताईंच्या थोरल्या भावाची भीती मला समजते, परंतु जो इशारा कधी उतरतच नाही त्याच्यावर विसंबून धाकट्याचा धंदा कायमचा बंद करता येणार नाही.

अडुळसा (चिपळूण)

मी आयुर्वेदाची पदवीधर असल्याने चरकसंहितेतले वर्गीकरण देते. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांतले पहिले पाच निष्फळ मानले आहेत, म्हणजे जे पाहिले, ऐकले, भोगले, इच्छिले किंवा कल्पिले तेच झोपेत आले तर त्यातून काही ताडू नये. पुढचे घडणे दाखवते ते ‘भाविक’. पूर्वसूचना देणाऱ्या स्वप्नाला जुना शब्द हवा असेल तर तो हा आहे, पण आज भाविक म्हणजे देवळाच्या रांगेतला माणूस असा अर्थ रूढ झाल्यामुळे तो पत्रिकेत चालणार नाही, याचे वाईट वाटते. काकांनी जन्मभर नांगर टाकला आणि उचलला, तेव्हा त्यांचे स्वप्न मी आधी ‘अनुभूता’त धरीन.

मात्र सातव्या प्रकाराकडे, ‘दोषजा’कडे, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे पडणाऱ्या स्वप्नाकडे, कृपया दुर्लक्ष करू नका. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या, अगदी ठळक आणि भीतिदायक स्वप्ने पडू शकतात. काका अशी गोळी घेत असतील तर ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. दुसरे म्हणजे, चादर पिळण्याचा तपशील मला अस्वस्थ करतो. झोपेत डोळे वेगाने हलण्याची अवस्था 1953 मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. बहुतेक ठळक स्वप्ने या अवस्थेत पडतात आणि तेव्हा हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात. उतारवयात माणूस स्वप्नातली हालचाल प्रत्यक्ष करू लागला, तर काही वेळा ते पार्किन्सनसारख्या मज्जासंस्थेच्या आजाराचे फार आधी दिसणारे लक्षण असते. एकदा चादर पिळली म्हणजे तसेच आहे असे मी म्हणत नाही, पण हे तपासून घ्यावे.

रातांबा

म्हणजे अडुळसाताई, स्वप्नात इशारा असतो हे तुम्हीही मानताच. फक्त तो समुद्राविषयी नसून शरीराविषयी आहे.

जुना फळा

यालाच ब्रह्मसूत्रांत ‘सूचक’ म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायात ‘सूचकश्च हि श्रुतेः’ असे सूत्र आहे आणि ज्या प्रकरणात स्वप्नातली सृष्टी मायामात्र ठरवली त्याच प्रकरणात ते येते. स्वप्नातली वस्तू खरी नसेल, तरी ती खऱ्या गोष्टीकडे बोट दाखवू शकते. ‘स्वप्नसूचना’ मी मागे घेतो आणि ‘सूचक स्वप्न’ सुचवतो.

खाडीकाठ

गुरुजी, ‘सूचक’ आमच्या आळीत कोणाला कळेल? पत्रिका वाचणार त्या तिथल्या बायका.

सुरंगी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. वडिलांच्या गोळ्यांची पाकिटे मी डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे आणि चादरीचेही सांगणार आहे. आईने सोमवारी कौल लावायचे ठरवले आहे आणि मी तिच्यासोबत जाईन. पत्रिकेतली ती जागा अजून कोरीच आहे.

काल रात्री वडील उठले तेव्हा मी जवळ होते. ‘नांगर परत सुटलो काय?’ असे विचारले, तर ते चिडून म्हणाले की नांगर सुटत नाही, दोर शाबूत असतो, नांगर तळाला धरीतच नाही. इतके महिने आम्ही सगळेच ‘सुटतो’ म्हणत होतो. सुटला म्हटले की कोणाची तरी गाठ चुकली असे होते आणि आईचा राहिलेला नारळ काय किंवा भावाची भीती काय, दोन्ही त्या गाठीलाच अडकलेली होती. ‘धरीत नाही’ यात तर दोष कोणाचाच नाही. खाडीकाठ, नांगर टाकूनही तळ धरत नाही तेव्हा तुमच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे का?