बचत खरी आगोटीच्या खरेदीत
वरती कोणीतरी म्हटलंय की महिन्याचं सगळं सामान मॉलच्या ऑफरमध्ये एकदम भरलं की पैसे वाचतात, तांदूळ-डाळीचं ठीके, पण आमच्याकडे रत्नागिरी साईडला खरी बचत आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीत होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, मग ताजी मासळी एकतर मिळत नाही नाहीतर भाव ऐकूनच पोट भरतं, म्हणून मे महिन्यातच सुकट, बोंबील, थोडे सोडे (सोललेली सुकी कोळंबी, हे महाग, पाहुण्यांपुरतेच!) घेऊन घरी परत एकदा कडक ऊन दाखवायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं, दमट राहिलं की बुरशी आलीच समजा. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवल्या की पावसात भाजीला होतात, आमसुलं घरचीच. टाकळा, कुर्डू या रानभाज्या तर फुकटच, फक्त ओळखणारं माणूस सोबत हवं. आणि गॅस! आंघोळीचं पाणी चुलीवर सोडणं (नारळाची सालं) नि चुडतं (सुक्या झावळ्या) जाळून तापवलं तर १४.२ किलोचा सिलिंडर बराच पुढे सरकतो. फ्लॅटवाल्यांना हे कुठलं जमायला, त्यांनी निदान डाळ भिजवून मग कुकर लावावा.