मदत हवी आहे: शिडाच्या बोटीवर पावसाचा दिवस कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

लेक-जावई स्वीडनला असतात. जुलैत आम्ही दोघं साताऱ्याहून त्यांच्याकडे चाललोय. जावईबापूंनी शिडाची बोट भाड्यानं घेतलीय. स्टॉकहोमसमोरच्या समुद्रात हजारो बेटं आहेत, त्यांतून आठवडाभर हिंडायचं आणि रात्री एखाद्या बेटाला बोट बांधून तिच्यातच झोपायचं, असा बेत आहे.

पावसाला मी भीत नाही. माहेर मेढ्याकडचं, आषाढात सूर्य दिसला तरच नवल. पण तिकडं भिजून आलं की चुलीपुढं बसता येतं. बोटीवर काय करायचं?

त्यात मला गाडी लागते. यवतेश्वरचा घाट चढेस्तोवर जीव नकोसा होतो, तेव्हा बोटही लागणार हे धरूनच चाललेय. लेक म्हणते, बाहेर बसून लांब क्षितिजाकडे बघत राहा, आत केबिनमध्ये गेलं की जास्त मळमळतं. पटलं. पण पाऊस लागला की बाहेर बसून भिजायचं, का आत बसून ओकायचं? अ‍ॅव्होमिननं मला गुंगी येते आणि ओल्या डेकवर गुंगीत वावरणं नको वाटतं. दुसरा काही उपाय?

दुसरं स्वयंपाकाचं. शेगडी स्पिरिटची आहे, बोट कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून टांगलेली. स्पिरिट जळतानाही वाफ सुटते, वर कुकरची; झडपा लावून घेतल्या तर छतातून थेंब ठिबकतात म्हणे. शिवाय सगळं बंद करून शेगडी पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइड साठतो, असं जावयांनी बजावलंय. मग पावसात झडप किती उघडी ठेवता? आणि त्या आचेवर मोहरी नीट तडतडते का? ह्यांना फोडणीशिवाय वरण घशाखाली उतरत नाही.

कपड्यांचं थोडं कळलंय: सुती वाळत नाही, लोकर ओली झाली तरी ऊब धरते. पण वरून घालायला इथल्या बाजारातला जाकीट-पँटचा रेनकोट चालेल का? तिथल्या खास जाकिटांच्या किमती ऐकून ह्यांनी फोनच ठेवला.

(कंदी पेढे न्या असं कुणी सुचवू नका. दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत.)

गाडी लागणाऱ्यांपैकी कुणी असा प्रवास केला असेल तर आधी त्यांनी लिहा. विमानाची तिकिटं काढून झालीत, त्यामुळे ‘जाऊच नका’ सोडून काहीही सांगा.