मदत हवी आहे: कालवांची पिल्लं चिकटून बसावीत म्हणून रिकामे शिंपले पाण्यात कधी सोडावेत?

इंग्लंडच्या दक्षिणेला, सोलेंट या सामुद्रधुनीत, आम्ही काही स्वयंसेवक युरोपियन चपटी कालवं पुन्हा रुजवायला धडपडतोय. यांची मादी अंडी आठ-दहा दिवस शिंपल्यातच सांभाळते. मग पिल्लं तरंगत बाहेर पडतात आणि स्वच्छ, टणक जागा चिकटायला शोधतात. गेल्या मे महिन्यात म्हणूनच स्कॅलप या कालवासारख्याच दुसऱ्या प्राण्याचे रिकामे शिंपले जाळीत भरून सोडले. जुलैत पाहिलं तर नुसते बार्नॅकल (खडकांना चिकटणारे छोटे कवचधारी जीव) आणि गाळ, पिल्लू एकही नाही. फार जिवाला लागलं. शिंपले वर्षभर उन्हापावसात ठेवलेले होते, जाळी तळापासून अर्धा मीटर वर. कालवांना मारणाऱ्या बोनामिया रोगाच्या भीतीने बाहेरून जिवंत कालवं आणता येत नाहीत. पाण्याचं तापमान रोज मोजतो. मग शिंपले किती अंशांना सोडू, की पाण्यात पिल्लं दिसेपर्यंत थांबू? आणि ती गाळून पाहायला जाळी किती मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांची लागेल?