बोअरचं पाणी प्यायला चालेल का? टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ४१० आलाय

पांढरकवड्याचा_पोरगा:
मंडळी, गावी (यवतमाळ जिल्हा) दिवाळीनंतर बोअर मारला, २६० फूट, पाणी चांगलं लागलं. काल आरओ विकणारा एकजण आला, मीटर बुडवून ४१० दाखवला आणि मग दोन सळयांचं प्लगवालं यंत्र ग्लासात सोडलं तर दोन मिनिटात अख्खं पाणी तांबडा चिखल, वर फेस. आई जाम घाबरलीये. बाबा म्हणतात पाणी गोड आहे, डाळ मस्त शिजते, कशाला नसती उठाठेव. नक्की काय तपासू आणि कुठे?

लॅबवाली_ताई:
तो चिखल पाण्यातला नाही हो, सळईतला आहे 😄 करंट दिला की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. त्याच्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि लाव म्हणावं यंत्र, तेही तांबडं होईल.
४१० ला काही भ्यायचं नाही, आयएस १०५०० मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) लिटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत चांगलंच धरतात आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. पण मीटर क्षार एकूण किती तेवढंच सांगतो, कुठले ते नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. तुमच्या भागात फ्लोराईड आधी बघा, लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत ठीक, फार तर १.५. चवीला अजिबात कळत नाही. आणि डाळ शिजते म्हणजे पाणी जड नाही इतकंच, उलट कॅल्शियम कमी असलेल्या मऊ पाण्यात फ्लोराईड जास्त निघतं असं बरेचदा होतं. जवळ गोठा किंवा शोषखड्डा असेल तर नायट्रेट पण करा, मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम. भूजल सर्वेक्षणची लॅब जिल्ह्याला असते तिथे फी भरून करून मिळतं.

खारपाणपट्टा:
सॅम्पल नीट घ्या नाहीतर आमच्यासारखं होईल, कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेलं आणि रिपोर्टात कॉलिफॉर्म जंतू, ते बोअरचे की बाटलीचे देव जाणे, परत हेलपाटा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लॅबमधूनच आणा, टाकीतलं नको, थेट मोटरीच्या तोंडाचं घ्या, आधी दहा मिनिटं मोटर चालू ठेवून, लोखंडी तोटी असेल तर ज्योतीवर शेकून, बुचाला आतून बोट नाही लावायचं. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. केमिकलला साधा स्वच्छ कॅन चालतो.

पांढरकवड्याचा_पोरगा:
आणि तोवर उकळून प्यायलं तर?

लॅबवाली_ताई:
जंतू मरतील. फ्लोराईड नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं उलट दाटच होतं. रिपोर्ट येईपर्यंत प्यायला नळयोजनेचं आणा. एक बघा, आसपासच्या बोअरवर वाढलेल्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आहेत का? जास्त फ्लोराईडची ती खूण असू शकते.

पांढरकवड्याचा_पोरगा:
शेजारच्या दोन्ही पोरांच्या आहेत ना. आम्ही समजायचो घासत नाहीत. सोमवारी जातो कॅन घेऊन.