वन बीएचकेतला सीन नाटकासारखा दिसतोय, काय करू?

कोपरीकर:
मंडळी, ठाण्यात कोपरीला मित्राच्या घरी शॉर्टफिल्म शूट करतोय. सीन असा की मुलगा आईला सांगतो घर विकायचं ठरलंय, धाकटी बहीण पण तिथेच आहे. तिघंही एकांकिकावाले, गडकरी रंगायतनला प्रयोग केलेले, काम झकास करतात, पण रिहर्सल मोबाईलवर शूट करून बघितली तर तिघं सोफ्यासमोर ग्रुप फोटोला उभे राहिल्यासारखे रांगेत. मध्ये क्लोजअप टाकून बघितले तरी मजा येईना. गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारं हँडल) भाड्याने आणून कॅमेरा फिरवू का?

नेरुळचा_लाईटवाला:
गिंबल राहू दे रे, आधी माणसं हलव. स्टेज रुंद असतं म्हणून नट आडवे पसरतात, कॅमेऱ्याला मात्र लेन्सजवळ अगदी चिंचोळी जागा दिसते आणि मागे जावं तशी ती रुंद होत जाते, म्हणून माणसं पुढेमागे लाव. आईला पुढे बसव, मेथी निवडायला दे, मुलगा तिच्या पाठीमागे उभा, बहीण पार किचनच्या दारात. आता मुलगा बोलताना आईला त्याचं तोंड दिसत नाही पण आपल्याला दोघांची दिसतात, आणि 'विकायचं' ऐकल्यावर तिचे हात थांबतात ते वेगळा क्लोजअप न घेता कळतं. 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) आई पोराला दुसऱ्याच्या हवाली करायच्या कागदांवर सही करते आणि मागे खिडकीतून तेच पोरगं बर्फात खेळताना दिसतं, कटची गरजच पडत नाही.

वाशी_ते_ठाणे:
वरचं बरोबर, पण लहान हॉलमध्ये फोकस मार खाईल. मोबाईलवर सगळं शार्प येतं, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) १.८ ला, म्हणजे मोठं उघडून शूट केलंस तर बहीण नुसता धूसर ठिपका. वाईड लेन्स घे, अ‍ॅपर्चर ५.६ किंवा ८ ला ने म्हणजे भोक लहान होईल, मग लाईट जास्त लागेल ते धरून चाल. कॅमेरा बेडरूमच्या दारातून लावलास तर अजून चारपाच फूट मिळतील. आणि जमिनीवर टेप लाव, नाटकवाले दर टेकला वेगळ्या जागी थांबतात 😅

कोपरीकर:
भारी! पण बहीण उठून आईच्या पलीकडे गेली तर १८० डिग्रीची लाईन (पात्रांमधली काल्पनिक रेषा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा) तुटेल ना?

नेरुळचा_लाईटवाला:
शॉट चालू असताना चालत गेली तर नाही तुटत, प्रेक्षक तिच्यासोबत पलीकडे जातो आणि तिथून नवी लाईन धरायची. कट मारून एकदम पलीकडे दाखवलीस तर गोंधळ. मला त्यापेक्षा ती कुठल्या वाक्याला उठते हे महत्त्वाचं वाटतं. ती भावाच्या बाजूची असेल तर त्याच्याकडे जाईल, आईच्या बाजूची असेल तर दोघांच्या मधे येऊन उभी राहील, ते तुझ्या स्क्रिप्टमध्ये ठरलंय का आधी?

डोंबिवली_फास्ट_नको:
सगळ्यांना हलवायलाच पाहिजे असं काही नाही हं. '१२ अँग्री मेन' (१९५७) जवळपास अख्खा एका खोलीत आहे, दिग्दर्शक लुमेटने सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवला, मग नजरेच्या पातळीवर, शेवटाकडे खाली आणला, लेन्सही अजून अजून लांब पल्ल्याच्या (टेलीकडच्या) वापरत गेला, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. तुझ्या आईला पूर्ण सीनभर बसूनच ठेव. ज्याला घर सोडायचंय त्यालाच येरझाऱ्या घालू दे.

कोपरीकर:
हे आवडलं. बहिणीचं खरंच ठरलं नव्हतं, ते आधी लिहून काढतो मग टेप लावतो.