इनब्रीडिंग डिप्रेशन म्हणजे वाघाला नैराश्य का?

रानवाट_कोथरूड:
मंडळी, जरा घाईची मदत हवीये. वन्यजीव सप्ताहासाठी एका शाळेत पोस्टरं लावायचीयेत, इंग्रजी मजकूर तयार आहे, मराठी माझ्या गळ्यात पडलंय. फ्लोरिडातल्या पँथरची गोष्ट आहे (पँथर म्हणजे तिथला प्यूमा, आपला बिबट्या नव्हे). ते अगदी वीस-तीस उरले होते, आपापसातच पिल्लं होत होत शेपटीला मुरड पडायला लागली, नरांचे वृषण खाली उतरेनात, हृदयात दोष निघाले, मग १९९५ मध्ये टेक्ससहून ८ माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या पिढ्या सुधारल्या. शेपटी, वृषण, हृदय ही जी सगळी पडझड झाली तिला इनब्रीडिंग डिप्रेशन म्हणतात. माझ्या आधी ज्यांनी भाषांतर केलं त्यांनी लिहिलंय ‘अंतःप्रजनन नैराश्य’. पोरं विचारणार ना, पँथर उदास का झाला म्हणून! शिवाय तीन ओळी खाली ‘आंतरप्रजनन’ असंही आहे. दोन्ही एकच का? शनिवारी छपाईला द्यायचंय.

नारायणपेठी:
एकच कसे असतील, उलट आहेत. अंतः म्हणजे आतल्या आत, अंतःपुरातला. आंतर म्हणजे याचं त्याच्याशी, आंतरजातीय विवाहातला. तुमच्या पोस्टरवर रोग (आतल्या आत पैदास) आणि औषध (बाहेरच्यांशी पैदास) दोघांचं बारसं जवळपास एकाच नावाने झालंय. विसर्ग पडला की पँथर बरा.

टिळकरोड_जुना:
इतकं सोपं नाही ते. संस्कृतात अन्तर् वेगळा आणि अन्तर वेगळा. अंतर्देशीय पत्र म्हणजे देशातल्या देशात जाणारं, निळं, आठवतंय का कुणाला? आणि आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधलं. आता लोक सर्रास अंतरराष्ट्रीय लिहितात तर कुणाला काय बोलणार. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चाललाय, अजून ‘अ’च चालू आहे, त्यामुळे निदान अन्तर् तरी त्यात सापडेल.

मिसळ_कमी_तिखट:
विसर्गाचं बोलूच नका, आमचा डीटीपीवाला त्याला कोलन समजून पुढे स्पेस मारतो. अंत: प्रजनन. अंत झाला आणि मग प्रजनन.

शिरूरकर_शेळीपालन:
आमच्याकडं ह्याला कुणी अंतःबिंतः म्हणत न्हाई. घरातल्या घरात पैदास म्हणत्यात. बोकड दीड-दोन वर्षानं बदलायचा, नायतर त्याच्याच पाटी (म्हंजी पोरी) त्याच्याखाली येत्यात, मग करडं रोड निघत्यात, शेळ्या गाभ धरत न्हाईत, मरतूक वाढती. रक्त बदलायचं असं म्हणतो आम्ही. तुमच्या पँथरवाल्यांनी बोकडाच्या जागी शेळ्या बदलल्या एवढाच फरक.

पाषाण_लॅब:
दादांनी एका परिच्छेदात सगळा धडा सांगितला. डिप्रेशन इथे मनाचं नाहीच, तो शब्द खाली जाणे, घसरणे याच अर्थाचा आहे, पिल्लं कमी जगतात, कमी होतात, ती घसरण. प्रत्येक जनावरात काही सुप्त दोष असतातच, एका बाजूने आला तर झाकला जातो, आई-बाप नात्यातले असले की तोच दोष दोन्हीकडून येतो आणि उघडा पडतो. म्हणून मी साधं ‘अंतःप्रजननामुळे होणारी घट’ लिहीन.

नारायणपेठी:
घट? आणि सप्ताह ऑक्टोबरात? नवरात्र जवळ, पोरांना वाटेल पँथरचे घट बसले.

माहेर_सातारा:
मला ‘सगोत्र पैदास’ आवडेल, वाचताक्षणी कळतं.

पाषाण_लॅब:
कळतं पण चुकीचं कळतं ना ताई. गोत्र बापाकडून येतं. मामाची मुलगी सगोत्र नसते, म्हणून तर आपल्याकडे चालते, पण रक्ताचा हिशोब केला तर आते-मामे भावंडांमध्ये सरासरी एक अष्टमांश जनुकं सामायिक असतात. काकाच्या मुलीइतकीच.

माहेर_सातारा:
आमच्या घरात तीन पिढ्या मामाची मुलगी केलीये आणि सगळे खणखणीत आहेत, उगाच पँथरशी तुलना नको.

पाषाण_लॅब:
तुलना नाही हो करत. आणि प्रत्येक वेळी घसरण दिसतेच असंही नाही. उत्तरेकडचे हत्ती सील (समुद्रातले प्राणी) तेलासाठी मारून मारून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेमतेम काही डझन उरले होते, आज लाखाच्या वर आहेत, संख्या वाढली पण वैविध्य अजून तुटपुंजंच. म्हणजे आज ठणठणीत, उद्या नवीन रोग आला तर सगळे एकाच साच्यातले. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर नावाचा रोग शिरला तेव्हा पोटात गोळा आला होता तो याचसाठी.

टिळकरोड_जुना:
गोत्र नको तर सपिंड घ्या की! १९५५ च्या विवाह कायद्यात बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या धरल्यात, रूढी असेल तर सूट, म्हणजे सातारकरांचंही भागलं. आणि पिंड म्हणजे फक्त श्राद्धाचा भाताचा गोळा नव्हे, मिताक्षरेत (याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका) विज्ञानेश्वराने पिंड म्हणजे शरीर असाच अर्थ केलाय, एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आहेत ते सपिंड. जनुकाला याहून जुना शब्द दाखवा. ‘सपिंड-प्रजनन-ऱ्हास’. घ्या, झालं.

मिसळ_कमी_तिखट:
सहावीतल्या पोराला हे वाचायला लावलं तर नैराश्य त्यालाच येईल.

नारायणपेठी:
ऱ्हास शब्द मात्र मला पटतो. शिरूरकरांचं ‘रोड’ही. आपल्याकडे वंश खुंटतो, रोप खुरटतं, माणूस रोडावतो, एवढे शब्द घरात असताना दरवेळी संस्कृतच्या दारात कशाला जायचं.

टिळकरोड_जुना:
वंश कुठल्या भाषेतला शब्द आहे म्हणे?

रानवाट_कोथरूड:
अहो शनिवार उद्या आहे. आणि दुसऱ्या पोस्टरवर ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ आहेत, पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले. २०२१ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेने दाखवलं की एका जनुकातल्या एका बदलाने असं होतं आणि तिथले वाघ बाकीच्यांपासून तुटलेत म्हणून तो बदल तिथेच इतका पसरलाय. त्याच्याखाली आधीच्यांनी शीर्षक टाकलंय ‘वाण नाही पण गुण लागला’.

नारायणपेठी:
बरोब्बर उलटं! वाण म्हणजे रंग. इथे वाणच लागलाय.

शिरूरकर_शेळीपालन:
आमच्यात वाण म्हंजी बियाणं. त्ये बी लागू पडतंय की.

पाषाण_लॅब:
जाता जाता, ‘रक्त बदलणे’ पोस्टरवर घ्याच असं माझं मत. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात कॉलर घेऊन १३०० किलोमीटरच्या आसपास चालत बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्याला पोचला होता. शेतं, रस्ते, सगळं ओलांडून. जंगलाजंगलांत रक्त बदलतं ते असं. फक्त तिथे एकही वाघीण नव्हती.

शिरूरकर_शेळीपालन:
आरारा. बोकड आला आन् शेळीच न्हाई.

माहेर_सातारा:
पण एक विचारायचं राहिलं, मरतूक लिहिताना ‘तू’ दीर्घ की ऱ्हस्व?

टिळकरोड_जुना:
दीर्घ. उपान्त्य आहे. मात्र ‘मरतुकीचं प्रमाण’ लिहिताना ऱ्हस्व. यावर एक जुना वाद आहे, सविस्तर रात्री लिहितो.