मदत हवी आहे: ठरवून केलेलं दचकणं खरं कसं वाटेल?

मंडळी, फोटोग्राफी मी हौसेखातर करते. महिन्यापूर्वी एका दारात पाहिलेलं दृश्य डोक्यातून जात नाहीये. एक बाई ओली छत्री झटकत होती. शेजारच्या मुलीने पाणी उडायच्या बेतात मान फिरवली आणि एक डोळा मिटला. एकच, दुसरा टक्क उघडा. कॅमेरा गळ्यात होता, पण हात हलेपर्यंत खेळ खलास.

मग जेफ वॉल या कॅनडातल्या फोटोग्राफरबद्दल वाचलं. रस्त्यात दिसलेलं तो तिथे टिपत नाही. लक्षात ठेवतो आणि नंतर माणसं उभी करून पुन्हा घडवतो. त्याचा १९८२ चा 'मिमिक' हा फोटो असाच केलेला. म्हटलं, आपणही बघू. बहिणीच्या हातात छत्री दिली, भाचीला शेजारी उभं केलं. पहिल्या खेपेला भाची काय सुंदर दचकली! फोकस हुकला. दुसऱ्या खेपेला छत्रीच तोंडासमोर. सहाव्यापासून पाणी यायच्या आधीच दोन्ही डोळे गच्च, आणि बाराव्याला चेहरा असा की जणू इंजेक्शनच घ्यायचंय.

अंगाला सवय झाल्यावर दचकणं परत आणायचं कसं? की चेहरा एका फ्रेममधला, पाणी दुसऱ्यातलं घेऊन जोडू? मैत्रीण म्हणते ही फसवणूक. शिवाय शटर १/२५० सेकंदाला ठेवलं तर फोटोत थेंबांच्या रेघा येतात.

अंधारखोली:
आधी रेघा. १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर, उजेड मागून, पाठीमागे काळपट भिंत. थेंब चमकतील. ऑटोफोकस बंद करा आणि भाचीच्या पायाशी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे ती जागेवरून हलणार नाही.

आणि बारा खेपांत थकलात? फिलिप हाल्समन या फोटोग्राफरने १९४८ साली उडी मारणारा चित्रकार दाली, मांजरं आणि बादलीभर पाणी एकाच फ्रेममध्ये हवेत पकडलं, त्याला २८ खेपा लागल्या. दर वेळी फिल्म धुऊन बघायची, तोवर मदतनीस मांजरं पकडून पुसणार. (मांजरांचं मत कुणी विचारलं नसावं.)

पडद्यामागे:
मी नाटकवाली, कॅमेऱ्यातलं कळत नाही. 'दचक' असं सांगितलं की माणूस दचकण्याची नक्कल करतो. तिला दुसरं काम द्या: वाकून सँडलचा पट्टा लाव, मग उठ. छत्री कधी झटकणार ते बहिणीनेच ठरवायचं, चारातल्या दोन वेळा झटकायचीच नाही. आणि सहा खेपांनंतर सुट्टी. थकलेलं पोर खोटंच दिसतं.

अंधारखोली:
जोडण्याबद्दल राहिलं. वॉलच्याच 'अ सडन गस्ट ऑफ विंड'मध्ये (१९९३) शंभरावर फोटो संगणकावर एकत्र केलेत, वर्षाहून जास्त काळ लागला. तेव्हा खुशाल जोडा, फक्त 'अचानक टिपलेला' म्हणून खपवू नका. फ्रेंच फोटोग्राफर द्वानोच्या १९५० च्या प्रसिद्ध फोटोतलं पॅरिसमधलं चुंबन ठरवून केलेलं होतं हे कळल्यावर लोक त्यामुळेच हिरमुसले.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! सँडलची युक्ती लागू पडली, चौथ्याच खेपेला एक डोळा मिटला. पण कॅमेऱ्यापासून लांबचा, त्यामुळे फोटोत दिसतच नाही. छत्री अलीकडच्या बाजूला घेतली तर ती पुन्हा तोंडासमोर येते. स्टुलावर चढून वरून घेऊ का?